थेल्मा रिटर, म्हणजे जिला सगळ्यात आधी कळतं ती बाई

मार्चमध्ये सोसायटीच्या जिन्यावर पाय घसरला आणि उजव्या गुडघ्याच्या वाटीला चीर गेली. सहा आठवडे प्लास्टर, मांडीपासून घोट्यापर्यंत. पाय मोडला म्हटल्यावर आपल्याकडे लोकांना दोनच गोष्टी सुचतात, एक पायाचं सूप आणि दुसरं 'रिअर विंडो बघ आता'. मला हे चार वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं, चौघांनाही वाटलं की हे फक्त आपल्यालाच सुचलंय. तर म्हटलं हिचकॉकचा हा पाय मोडलेल्या माणसाचा सिनेमा बघूया परत. कॉलेजात असताना पाहिलेला, तेव्हा ग्रेस केलीचे कपडे सोडून दुसरं काही दिसलंच नव्हतं.

या वेळी मात्र भलतंच झालं. सिनेमा सुरू होऊन काही मिनिटंच होतात, जेम्स स्ट्युअर्ट पायाला प्लास्टर लावून खिडकीतून शेजाऱ्यांकडे बघत बसलेला असतो आणि दारातून एक आवाज येतो, की न्यूयॉर्क राज्यात दुसऱ्यांच्या खिडकीत डोकावणाऱ्याला सहा महिने सक्तमजुरी असते. बाई दिसायच्या आधी आवाज. घोगरा, थोडा नाकातून येणारा, जसा भाजीवालीशी घासाघीस करून करून कमावलेला असतो तसा. मग ती आत येते, विमा कंपनीने पाठवलेली नर्स, नाव स्टेला, त्याच्या तोंडात थर्मामीटर कोंबते म्हणजे त्याला बोलता येणार नाही, आणि स्वतः सुटते. मी पॉज केलं आणि बघितलं कोण आहे ही. थेल्मा रिटर. आणि मग प्लास्टर निघेपर्यंत मी दुसरं काही केलं नाही, मिळतील तेवढे तिचे सिनेमे बघून काढले, काही तर अशा प्रिंटमध्ये की चेहऱ्यापेक्षा पांढरे ठिपकेच जास्त.

आधी स्टेलाचंच सांगते कारण तो सीन मी सहा-सात वेळा पाहिलाय. ती स्ट्युअर्टची पाठ चोळतेय आणि चोळता चोळता सांगते की १९२९ ची मंदी मला आधीच कळली होती. कशी? तर ती तेव्हा जनरल मोटर्सच्या एका डायरेक्टरची शुश्रूषा करत होती, डॉक्टर म्हणाले किडनीचा त्रास आहे, ही म्हणाली किडनी नाही, हे टेन्शन आहे. मग हिने विचार केला की जनरल मोटर्सला कसलं टेन्शन असेल? म्हणजे माल जास्त बनवून ठेवलाय, आता कोसळणार. जनरल मोटर्सला दिवसातून दहा वेळा बाथरूमला जावं लागत असेल तर अख्खा देश सुटायला आलाय असं समजायचं! हे वाक्य ती इतक्या सहज टाकते की जोक केलाय हे तिच्या गावीही नाही असं वाटतं. हात थांबत नाहीत, चोळणं चालू. बाकी कोणी असतं तर हशा येईपर्यंत थांबलं असतं.

माझ्याकडे प्लास्टर निघाल्यावर ज्या फिजिओथेरपी मॅडम यायच्या त्या अगदी अशाच होत्या, पन्नाशीच्या, स्कूटीवर यायच्या, आणि गुडघा दाबता दाबता अख्ख्या सोसायटीत कोणाचं काय चाललंय ते सांगायच्या. एकदा म्हणाल्या, "ताई, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची पाठ दुखत नाहीये, त्यांना घरात कोणी बोलायला नाहीये." विषय संपला. असो.

तर थेल्मा. जन्म १४ फेब्रुवारी १९०२, ब्रुकलिन. लहानपणापासून नाटकाचं वेड, मग न्यूयॉर्कच्या अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये शिक्षण, मग गावोगावच्या नाटक कंपन्यांत कामं, नाव वगैरे काही झालं नाही. १९२७ मध्ये जोसेफ मोरान नावाच्या नटाशी लग्न. दोघंही नट म्हणजे घरात चूल पेटणार कशी हा प्रश्नच, त्यात दोन वर्षांनी मंदी. तो हळूहळू नटाचा जाहिरातवाला झाला, यंग अँड रुबिकम या मोठ्या एजन्सीत वर चढला, आणि ही दोन मुलं वाढवत घरी. चाळीसच्या दशकात रेडिओवर कामं करायला लागली. इथपर्यंतची गोष्ट आपल्या ओळखीतल्या कुठल्याही बाईची असू शकते, कॉलेजात नाटकात होती हो, छान करायची, मग संसारात पडली.

आणि मग वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी सिनेमा मिळाला. १९४७ चा 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट'. दिग्दर्शक जॉर्ज सीटन ओळखीचा होता, त्याने एक छोटासा रोल दिला, इतका छोटा की श्रेयनामावलीत तिचं नावच नाही. मेसीज नावाचं न्यूयॉर्कमधलं अवाढव्य दुकान, नाताळची गर्दी, आणि ही एक दमलेली आई जी मुलाला घेऊन सांताक्लॉजच्या रांगेत उभी आहे. मुलाला बंबाचं खेळणं हवंय, खरं पाणी उडवणारं. सांता म्हणतो मिळेल हां बाळा, आणि हिचा पारा चढतो, कारण ते कुठेच मिळत नाही, मेसीजमध्ये नाही, कुठेच नाही, पाय तुटेपर्यंत हिंडून झालंय. सांता शांतपणे सांगतो की अमुक एका दुसऱ्या दुकानात आहे, तिथे जा. मेसीजचा सांता गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानात पाठवतोय! तिचा चेहरा बघा त्या वेळचा. आधी राग, मग संशय, मग कोणीतरी आपल्याशी खरं बोललंय याचा धक्का. दोन मिनिटं पण नसतील. फॉक्स या सिनेमा कंपनीचा निर्मितीप्रमुख डॅरिल झॅनक याने ते बघितलं, रोल वाढवायला सांगितला आणि पुढे तिला कंपनीच्या करारावर घेतलं.

मला हे फार आवडतं की ती पहिल्यांदा पडद्यावर आली तीच पाय दुखणारी बाई म्हणून. नंतरही तिच्या जवळपास सगळ्या बायका पाय दुखणाऱ्या आहेत.

दोन वर्षांनी जोसेफ मॅन्कीविझच्या 'अ लेटर टू थ्री वाइव्ज' मध्ये पुन्हा नाव नाही. रेल्वे रुळांना चिकटून एक घर आहे, त्या स्वयंपाकघरात ही मैत्रिणीबरोबर पत्ते खेळत बसते आणि गाडी गेली की अख्खं घर हादरतं, भांडी, दिवे, माणसं सगळी गदागदा, आणि यांना त्याचं काहीच नाही, जसं आपल्या लाइनला लागून असलेल्या चाळीतल्या लोकांना लोकलचं काही नसतं. पण मॅन्कीविझच्या ती डोक्यात बसली, आणि पुढच्या वर्षी त्याने तिच्यासाठी बर्डी लिहिली.

'ऑल अबाउट ईव्ह', १९५०. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथे थांबून आधी बघून यावा, मी वाट बघते. मार्गो म्हणजे बेटी डेव्हिस, रंगभूमीची मोठी नटी. बर्डी तिचा कपडेपट सांभाळणारी, स्वतः जुनी वॉडव्हिलवाली, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या खेळांतून आलेली. एके रात्री ईव्ह नावाची गरीब बिचारी मुलगी मेकअपच्या खोलीत येते आणि आपली करुण कहाणी सांगते, नवरा युद्धात गेला वगैरे, सगळे पाघळतात, मार्गोच्या डोळ्यात पाणी. बर्डी ऐकते आणि म्हणते, काय स्टोरी आहे, फक्त मागे शिकारी कुत्रे तेवढे लागायचे राहिले.

कळतंय ना. नाटककार तिथे, त्याची बायको तिथे, स्वतः मार्गो तिथे, सगळे नाटकातले दिग्गज, आणि समोर चाललेलं नाटक ओळखते कोण, तर साड्यांना, सॉरी, गाऊनना इस्त्री करणारी. पुढे एकदा मार्गो विचारते, तुला ईव्ह आवडत नाही ना? बर्डी विचारते, उत्तर पाहिजे की भांडण? उत्तर. मग नाही. आणि मग सांगते की ती तुझा अभ्यास करतेय, तू चालतेस कशी, खातेस कशी, विचार कसा करतेस, जशी काही तू एखादं पुस्तक आहेस. आवाज चढवत नाही, नाट्यमय पॉज नाही, सकाळच्या न्याहारीच्या वेळी बोलावं तसं बोलते.

आता माझी तक्रार. त्यानंतर ती गायब. पार्टीच्या सीनमध्ये पलंगावर पडलेल्या फरच्या कोटांवर एक टोमणा मारते (मेलेल्या जनावरांचा खेळ लागलाय म्हणते) आणि मग अर्धा सिनेमा शिल्लक असताना बर्डी जी जाते ती परत येतच नाही. कोणी विचारतही नाही की कुठे गेली. पहिल्यांदा मला वाटलं प्रिंट कापलेली आहे की काय. मग वाटलं की नाही, तिला घालवावंच लागलं असणार, कारण ती राहिली असती तर ईव्हची डाळ शिजलीच नसती, बर्डीने दोन दिवसात तिला दाराबाहेर काढलं असतं आणि सिनेमा तासाभरात संपला असता. आणि मग मला तिच्या बाकीच्या सिनेमांतही हेच दिसायला लागलं. १९६१ च्या 'द मिसफिट्स' मध्ये ती रीनोमधली घरमालकीण आहे, घटस्फोट घ्यायला येणाऱ्या बायकांना खोली देणारी, मेरिलिन मन्रोला आल्या आल्या समजून घेणारी, हात झोळीत अडकवलेला, दारू हातात, आणि जिथून गोष्ट वाळवंटात आणि घोड्यांकडे वळते तिथे तिला तिच्याच घटस्फोटित नवऱ्याबरोबर आणि त्याच्या नव्या बायकोबरोबर रवाना करून टाकलंय. मन्रोला तिची सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तेव्हा. जिला सगळं दिसतं तिला घरी पाठवा, असा काहीतरी नियमच.

'ऑल अबाउट ईव्ह' साठी तिला सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. ऑस्कर मिळालं नाही. मग १९५१ च्या 'द मेटिंग सीझन' साठी, तेही नाही. मग 'विथ अ साँग इन माय हार्ट', त्यात पुन्हा नर्स. मग 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट'. सलग चार वर्षं चार नामांकनं! नंतर 'पिलो टॉक' आणि 'बर्डमॅन ऑफ अल्काट्राझ', एकूण सहा, सहाय्यक अभिनेत्रीच्या विभागात एवढी कोणाचीच नाहीत, आणि बाहुली एकही नाही. असं सांगतात की ती ऑस्करच्या रात्री मित्रांना घरी बोलवायची, या, मी परत हरतेय ते बघायला या. १९५५ च्या ऑस्करचं न्यूयॉर्कमधलं सूत्रसंचालन तर तिनेच केलं, हॉलिवूडमध्ये बॉब होप आणि इकडे ही. म्हणजे ज्या वर्षी 'रिअर विंडो' साठी नामांकनसुद्धा दिलं नाही त्या वर्षी स्टेजवर उभं केलं. आमच्या ऑफिसात पण प्रमोशन न मिळालेल्यालाच वार्षिक समारंभाचं अँकरिंग देतात.

त्यातल्या 'द मेटिंग सीझन' बद्दल फारसं कोणी बोलत नाही, पण तो बघाच. ती न्यू जर्सीत हॅम्बर्गरची टपरी चालवते, टपरी बुडते, मुलाकडे येते तर मुलाने नुकतंच मोठ्या घरातल्या मुलीशी लग्न केलंय, जीन टिअर्नी, राजदूताची मुलगी. ही दारात उभी, आणि सूनबाईला वाटतं की पार्टीसाठी मागवलेली स्वयंपाकीणच आली. सासू क्षणभर थांबते. फक्त क्षणभर. आणि मग ॲप्रन बांधते. पुढे ती सासू आहे हे लपवून त्याच घरात स्वयंपाकीण म्हणून राहते. आता ही गोष्ट आपल्याकडे कोणी केली असती तर रडून रडून उशा भिजवल्या असत्या, पांढरी साडी, खोकला, देव्हारा. ही बाई रडत नाही. तिला खरं तर मजाच येते, कारण जेवण चांगलं करते आणि सुनेशी पटतं. मुख्य भूमिका आहे अख्खी, तरी नामांकन सहाय्यकच. तिची जागा ठरून गेलेली.

पण मला तिचं सगळ्यात मोठं काम विचाराल तर 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट', १९५३, सॅम्युअल फुलरचा. मो नावाची म्हातारी, रस्त्यावर टाय विकते, आणि बाजूला पोलिसांना खबरा विकते. कुठल्या पाकीटमाराची पद्धत कशी हे तिला तोंडपाठ, पाकीट कसं मारलं हे नुसतं ऐकून नाव सांगते, पण आधी भाव ठरवते, महागाई वाढलीय म्हणते. पैसे कशासाठी साठवतेय? स्वतःच्या दफनासाठी. चांगली जागा, दगडावर नाव. तिला एकाच गोष्टीची भीती आहे, बेवारसांच्या सरकारी दफनभूमीत पुरतील याची, तसं झालं तर मी मरूनच जाईन म्हणते. हे वाक्य ऐकून मी हसले आणि मग हसल्याचं वाईट वाटलं.

ती रिचर्ड विडमार्कने केलेल्या पाकीटमाराचीसुद्धा खबर विकते, ज्याला ती लहानपणापासून ओळखते, आणि त्याला कळतं तेव्हा तो चिडत नाही, म्हणतो तिलाही पोट आहे. हा धंद्यातला समजूतदारपणा मला नीतिमत्तेच्या दहा भाषणांपेक्षा खरा वाटतो. मग एका रात्री ती खोलीवर येते, दिवसभर टाय विकून मेलेली, रेकॉर्ड लावते, पलंगाकडे वळते आणि तिथे बूट घातलेले पाय दिसतात. कम्युनिस्टांचा हस्तक बसलाय, त्याला विडमार्कचा पत्ता हवाय, पैसे देतोय. आणि ही, जी आयुष्यभर सगळं विकत आली, हे विकत नाही. कम्युनिस्टांबद्दल मला काही माहीत नाही, मला ते आवडत नाहीत एवढंच, असं म्हणते. (फ्रान्समध्ये डबिंग करताना कम्युनिस्टांचे अमली पदार्थांचे तस्कर करून टाकले होते, तरी हा सीन चालला असणार, कारण हा सीन राजकारणाचा नाहीच, थकव्याचा आहे.) ती सांगते की मी संपत आलेलं जुनं घड्याळ आहे, इतकी दमलेय की तू माझं डोकं उडवलंस तर उपकारच होतील. अंगावरचा कोट पण धड काढलेला नाही. उशीला टेकून, आवाज जवळजवळ सपाट, ब्रुकलिनचे सगळे कोपरे झिजून गेलेले. कॅमेरा तिच्यावरून सरकून रेकॉर्डकडे जातो आणि गोळीचा आवाज फक्त ऐकू येतो.

नंतर विडमार्क बेवारस शवपेट्या नेणाऱ्या बोटीवरून तिची पेटी सोडवून आणतो. त्या सीनमध्ये ती नाही, नुसती पेटी आहे, तरी तो सीन तिचाच.

त्या वर्षीचं ऑस्कर डोना रीडला गेलं. मला डोना रीडशी काही वैर नाही. पण.

बाकी भराभर सांगते. 'पिलो टॉक' मध्ये ती डोरिस डेची कामवाली, रोज सकाळी हँगओव्हरमध्ये येणारी, आणि रॉक हडसन तिला पाजून माहिती काढायला जातो तर हीच त्याला पिऊन आडवा करते. 'बर्डमॅन ऑफ अल्काट्राझ' मध्ये बर्ट लँकेस्टरची आई, आणि तिथे पहिल्यांदा मला तिची भीती वाटली, मुलाला तुरुंगातसुद्धा दुसऱ्या बाईबरोबर वाटून न घेणारी आई, तोच आवाज, तेच पाय दुखणं, पण ऊब काढून घेतलेली. म्हणजे ती इतके दिवस 'स्वतःसारखीच' वागत होती असं ज्यांना वाटत होतं त्यांची तोंडं बंद. टीव्हीवर तिने १९५५ मध्ये 'द केटर्ड अफेअर' केलं, मुलीच्या लग्नाच्या खर्चाने हैराण आईचं काम, त्याचा सिनेमा निघाला तेव्हा रोल गेला बेटी डेव्हिसकडे. हो, मार्गोकडेच. बर्डी काय म्हणाली असती याची मी कल्पना करून पाहिली, इथे लिहिण्यासारखं नाही.

मोठं बक्षीस मिळालंच नाही असं मात्र नाही. १९५८ मध्ये 'न्यू गर्ल इन टाउन' या ब्रॉडवेच्या संगीत नाटकासाठी तिला टोनी मिळालं, आणि तेही सहाय्यक म्हणून नाही, मुख्य अभिनेत्रीचं. पण तिथेही विभागून, त्याच नाटकातल्या ग्वेन व्हर्डनबरोबर बरोबरी झाली. निम्मं तर निम्मं. ती हॉलिवूडमध्ये कधी रमली नाही, घर न्यूयॉर्कलाच, नवरा एकच, शेवटपर्यंत. ५ फेब्रुवारी १९६९ ला हार्ट अटॅकने गेली, सदुसष्टावा वाढदिवस नऊ दिवसांवर होता. म्हणजे सिनेमातली कारकीर्द सगळी मिळून वीस-एक वर्षांची, आणि ती सुरू झाली त्या वयात जिथे नट्यांना घरी बसवतात.

फिजिओथेरपी मॅडम यायच्या शेवटच्या दिवशी मी त्यांना टीव्हीवर 'रिअर विंडो' चा शेवट दाखवला. स्टेला सिनेमातून घालवली जात नाही असा हा एक सिनेमा, ती शेवटपर्यंत आहे, रात्री फावडं घेऊन शेजाऱ्याची बाग खणायलासुद्धा स्वतः जाते. खुनी पकडला जातो, पोलीस सांगतो की बायकोचा एक तुकडा त्याने घरातच टोपीच्या खोक्यात ठेवलाय, बघायचाय का? स्टेला म्हणते, नको बाबा, मला तिच्यातला कुठलाच पार्ट नको. मॅडमना आधी कळलं नाही, मग मी म्हटलं अहो पार्ट, पार्ट, शरीराचा पण आणि नाटकातला पण. त्या खो खो हसल्या. मग घड्याळ बघितलं, उशी सरकवली आणि म्हणाल्या, "बरं ताई, आता हसताय तोवर नव्वदपर्यंत वाकवूया," आणि खरंच वाकवला.